हात बघून लायनर

गिऱ्हाईक दारात आलं की अण्णा आधी गाडीकडे बघायचेच नाहीत. जुनी मोटरसायकल कितीही देखणी असो, टाकीवर सोनेरी रेघ असो की हँडल आरशासारखं लखलखत असो, अण्णा म्हणायचे, "ती राहू द्या स्टँडवर. तुमचा हात बघू."

नवा माणूस बुचकळ्यात पडायचा. आपण ब्रेकचं काम घेऊन आलोय की भविष्य विचारायला? अण्णा आपली दोन बोटं पुढे करायचे. "दाबा. लिव्हर दाबता तशीच. लाजू नका, मोडत नाहीत." गिऱ्हाईक दाबायचं, अण्णा डोळे मिटून 'हं' म्हणायचे आणि मगच फळीवरच्या पत्र्याच्या डब्यांकडे वळायचे. त्या डब्यांत लायनरच्या पट्ट्या असत, आणि कुठल्या गाडीला कुठली पट्टी हा अण्णांचा उभ्या जन्माचा धंदा होता.

तुम्ही-आम्ही ब्रेक दाबतो आणि विसरतो. चाकाच्या मधोमध जो गोल ड्रम असतो, त्याच्या पोटात चंद्रकोरीसारखे दोन शू बसलेले असतात. शूच्या पाठीवर लायनरची पट्टी चिकटवलेली. लिव्हर दाबली की शू फाकतात, पट्टी ड्रमला आतून घासते आणि चाक थांबतं. एवढीच गंमत. पण पट्टी कडक निघाली तर ती वर्षानुवर्षं झिजत नाही आणि जोर लावल्याशिवाय पकडतही नाही. मऊ, विणलेली पट्टी नुसत्या इशाऱ्याला पकडते, पण झिजते लवकर. जुन्या गाड्यांचे ड्रम लहान, केबल लांब, सगळा भार चालवणाऱ्याच्या पंजावर. मग पंजा न बघता पट्टी कशी द्यायची? अण्णांचं म्हणणं अगदी साधं होतं. ब्रेक गाडीचा नसतो, माणसाचा असतो.

"लग्नात माझा हात धरलात, तेव्हा नाही हो बघितलात दाबून!" माई, म्हणजे त्यांची बायको, आतून ओरडायच्या.

"तेव्हा तूच इतका घट्ट धरला होतास की मला बघायला फुरसत कुठे मिळाली?" अण्णा म्हणायचे, आणि गिऱ्हाईक हसून मोकळं व्हायचं.

हा झाला एक नियम. दुसरा नियम असा, की ज्याने लायनर बसवलं त्याने स्वतः आधी उतार उतरायचा. अण्णांचं वर्कशॉप म्हणजे घराच्या बाजूची लांबट शेड, आणि शेडच्या दारातूनच रस्ता सरळ खाली घसरत जातो. मधे विजेचा एक खांब, तळाला लाँड्रीवालीच्या मेंदीचं कुंपण. इंजिन बंद, गिअर सोडलेला, मागच्या ब्रेकवर पाय नाही. नुसती गाडी उतारावर सोडायची आणि पुढच्या ब्रेकवर खांबापाशी उभी करायची. गिऱ्हाइकाचा हात हलका असला तर अण्णाही दोनच बोटांनी लिव्हर दाबायचे. खांबापाशी थांबली तर चावी परत, नाहीतर चाक पुन्हा खोला. मेंदीच्या कुंपणाला मधे एक भगदाड पडलं होतं, ते या धंद्याच्या सुरुवातीच्या दिवसांत. लाँड्रीवाली अजून त्यावरून टोमणे मारते.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका सकाळी अण्णांच्या हातातून चहाचा कप निसटला, आणि तो उचलायला वाकलेले अण्णा उजव्या अंगावर कोसळले. अर्धांगाचा झटका. दवाखाना, सलाइन, धावपळ, सगळं झालं. देवाच्या कृपेने पाय परत आला. बोलणंही परत आलं, "आणि दुपटीने आलं," असं माई सांगतात. उजवा हात मात्र अर्ध्या वाटेवर थांबला. घास तोंडापर्यंत जायचा, शर्टाचं बटण लागायचं, पण पंजात ताकद म्हणून उरली नाही.

शेडला कुलूप लागलं. पार्सलने आलेले शू खोक्यात तसेच पडून राहिले. अण्णा दिवसभर त्या खोक्याकडे बघत बसायचे, आणि माई अण्णांकडे. मुलगा बस चालवायचा, तो पहाटे जायचा ते संध्याकाळी यायचा. राहिली सून. ती घरी बसून शिवणकाम करायची, जाड पडदे, गाद्यांच्या खोळी, असलं दणकट काम. एक दिवस तिने कात्री खाली ठेवली, खोकं उचललं आणि अण्णांसमोर आणून आदळलं.

"अण्णा, हे असं बघून चिकटणार आहे का? तुम्ही सांगा, मी करते."

"अगं, हे काय खोळी शिवण्याइतकं सोपं आहे?"

"खोळी शिवणं सोपं आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?" सून म्हणाली.

त्या दिवसापासून तोंड अण्णांचं आणि हात सुनेचे. जुनी पट्टी छिन्नीने उडवायची, शू घासून लख्ख करायचा, पट्टी कापायची, गोंद लावून शिकंज्यात आवळायची आणि विजेच्या भट्टीत भाजायची. मग लेथवर ड्रमच्या मापाला आणायची, खडू फासून ड्रममध्ये फिरवायची, खडू जिथे पुसला जाईल तिथे उंचवटा आहे असं समजून कानशीने काढायचा. सगळं शिकली. पहिल्या जोडीच्या कडा घासून उतरत्या करायला विसरली, तर ब्रेक असा किंचाळला की गल्लीतली झाडून सगळी कुत्री भुंकत सुटली. अण्णा पोट धरून हसले. झटका आल्यापासून पहिल्यांदाच हसले, म्हणून माईंनी त्या कुत्र्यांना पोळी घातली. वर सुनेने आल्याआल्या एक कायदा काढला: ड्रममधली धूळ तोंडाने फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची आणि नाकावर पट्टी बांधायची. आयुष्यभर फुंकत आलेल्या अण्णांनी तोही मुकाट मानला.

हात बघायचं काम तेवढं अण्णांकडेच राहिलं. डावी बोटं पुढे करायचे. गाडी परत देताना मात्र प्रत्येकाला न चुकता सांगायचे, "हे काम माझं नाही हो, माझ्या सुनेचं आहे. ती नसती तर मी आज कोपऱ्यात पडलेलं गाठोडं असतो." सुनेला अवघडायला व्हायचं. "पुरे हो अण्णा," ती म्हणायची. पण अण्णांना ते पुरेसं वाटायचंच नाही. देणाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे.

आता शेडच्या मागच्या भिंतीला अण्णांची स्वतःची मोटरसायकल उभी होती. काळी, जुनी, दोघांच्या लग्नाहून वयाने मोठी. सुट्टीच्या दिवशी माईंना मागे बसवून तलावापर्यंत जायचं, काठावर घटकाभर बसायचं आणि परत यायचं, ही दोघांची चैन. दुसरी चैन कधी केली नाही. झटक्यानंतर ती गाडी हलली नव्हती. माईंनी कधी शब्द काढला नाही. फक्त येता-जाता पदराने मागची सीट पुसायच्या. पुढच्या सीटवर बोटभर धूळ आणि मागची चकचकीत, असा तो प्रकार होता. अण्णांना दिसत नव्हतं थोडंच!

डॉक्टर म्हणाले, "पाय चांगला आहे, नजर चांगली आहे. थांबवता येत असेल तर चालवा. थांबवता येत नसेल तर नाव काढू नका."

जुन्या गाड्या जमवणारा एक गृहस्थ त्या गाडीसाठी कधीचा मागे लागला होता. त्याच्या दिवाणखान्यात काचेआड गाड्या उभ्या असत. अण्णांनी घरात जाहीर करून टाकलं, "लायनर नवं घालायचं. खांबापाशी थांबलो तर गाडी आपली. नाही थांबलो, तर दिली त्याला. उभी राहू दे काचेत."

"अहो, इतकं टोकाला कशाला जायचं?" माई म्हणाल्या.

"चालत नसलेली गाडी रोज बघवत नाही मला. आणि तुझं ते सीट पुसणंही बघवत नाही."

माई आत निघून गेल्या.

अण्णांनी फळीच्या तळातून एक गंजका डबा काढायला लावला. त्यात एकच पट्टी होती, करड्या रंगाची, दगडासारखी कडक. "ही कितीतरी वर्षं जपून ठेवलीय. माझ्या गाडीला हीच. टायर झिजतील, माणसं झिजतील, ही झिजायची नाही."

सुनेने पट्टीवर नख ओढून पाहिलं. "अण्णा, फार कडक नाही का होत? जरा मऊतलं बघूया?"

"तू मला शिकवतेस? आख्खं आयुष्य गेलं माझं यात!"

सासऱ्याशी वाद घालणं तिला जमत नव्हतं असं नाही, चांगलंच जमायचं. पण त्यांच्या डोळ्यांत तिला कौतुक दिसत होतं, पोराला नवा सदरा शिवताना असतं तसं. तिने पट्टी बसवली. नियमाप्रमाणे पहिल्यांदा तीच उतार उतरली आणि गाडी बरोब्बर खांबापाशी उभी केली. रोज जाड कापड कापणारा पंजा तो! लिव्हर अशी दाबली की गाडीची काय बिशाद पुढे जायची.

"बघितलंस?" अण्णा माईंना म्हणाले. "उत्तम ब्रेक. आता मी."

अण्णा बसले. गाडी सुटली. दोन वर्षांनी वारा तोंडावर आला. खांब जवळ आला तशी त्यांनी लिव्हर दाबली. लिव्हर आली, पण गाडी कसली थांबतेय! अण्णांनी दात आवळून होता नव्हता तेवढा जोर लावला. खांब शेजारून निघून गेला. पायाचा ब्रेक दाबायचं सुचेपर्यंत अण्णा गाडीसकट मेंदीत घुसले होते.

"पुन्हा आलात का?" लाँड्रीवाली धावत बाहेर आली. तिला वाटलं थट्टेची वेळ आहे. अण्णांचा चेहरा बघितला आणि तिने मुकाट्याने त्यांना हात देऊन उठवलं.

कोपर खरचटलं होतं, बाकी ओरखडाही नव्हता. एरवी अण्णा म्हणजे पडलो तरी नाक वर या जातीचे. त्या दिवशी मात्र सरळ घरी आले, गाडीवर चादर टाकायला लावली आणि त्या गृहस्थाला निरोप धाडला, की रविवारी येऊन गाडी घेऊन जा. मग पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ब्रेक चांगला होता, हे सुनेने सिद्ध केलं होतं. म्हणजे वाईट काय ते आपणच, असा त्यांनी हिशेब लावून टाकला.

माई स्वयंपाकघरात डोळे पुसत होत्या आणि कांद्याचं नाव सांगत होत्या. कांदा तर अजून टोपलीतच होता.

सुनेला काही चैन पडेना. तीन वेळा तिने चाक खोललं. शू बघितले, खडू लावला, फिरवला. काम चोख होतं. कुठे चुकलं? ती शेडच्या दारात बसून विचार करत होती, तेवढ्यात एक बाई आपल्या वडिलांची जुनी गाडी ढकलत घेऊन आली. सवयीने सुनेच्या तोंडून निघून गेलं, "ती राहू द्या स्टँडवर. हात बघू."

आणि ती जागच्या जागी थबकली. बाईंना म्हणाली, "ताई, जरा बसा हं. आलेच," आणि धावत घरात गेली.

"अण्णा, उठा."

"पडू दे गं मला."

"उठा म्हणते ना!" तिने आपली दोन बोटं त्यांच्यापुढे धरली. "दाबा. लाजू नका. मोडत नाहीत."

अण्णांनी बोटांकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. माई दारात येऊन उभ्या राहिल्या. अण्णांनी उजवा हात उचलला आणि तिची बोटं दाबली. दाबली म्हणजे काय, नुसती धरली म्हणायची.

"जोर लावा."

"हाच जोर आहे," अण्णा म्हणाले.

सुनेने डोळे मिटून 'हं' म्हटलं. मग म्हणाली, "हा हात गिऱ्हाइकाचा असता, तर काय दिलं असतंत?"

"विणलेली," अण्णा ताडकन म्हणाले. "पितळी तारेची. मऊ, तांबूस. डाव्या बाजूच्या डब्यातली..." आणि बोलता बोलता थांबले. जगाचे हात बघितले. शिंप्याचे, मास्तरांचे, पोरासोरांचे, म्हाताऱ्यांचे. स्वतःचा तेवढा बघायचा राहिला. झटका येण्याआधीचा जो हात डोक्यात होता, त्या हातासाठी त्यांनी पट्टी निवडली होती. दिव्याखाली अंधार तो हाच! आणि उतारावर परीक्षा घेतली सुनेच्या पंजाने, तो पंजा काय खोटं बोलणार होता? तो त्याच्यापुरतं खरंच बोलला.

"मूर्ख आहे गं मी," अण्णा म्हणाले.

"ते आम्हाला माहीत आहे," दारातून माई म्हणाल्या. "पुढचं बोला."

पुढचं असं होतं की अण्णांना ती मऊ पट्टी आयुष्यभर कमीपणाची वाटत आली होती. गिऱ्हाइकाला लागली तर आनंदाने द्यायचे, पण स्वतःच्या गाडीला म्हणजे अब्रूचा प्रश्न. "वर्षभरात झिजेल ती. दर वर्षी नवी घालावी लागेल."

"मग घालू की," सून म्हणाली. "मी कुठे चाललेय?"

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो अर्धा हात तिच्या डोक्यावर ठेवला, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायची तसदी घेतली नाही. "पोरी, मला लेक दिली नाही म्हणून मी देवावर रुसलो होतो. चुकलंच माझं," ते म्हणाले. सुनेलाही गलबलून आलं. पण बाहेर गिऱ्हाईक ताटकळत होतं, म्हणून तिने नाक ओढलं आणि "चला, आधी त्या ताईंचा हात बघा," म्हणून त्यांना उठवूनच बाहेर आणलं.

मऊ पट्टी चढली. या खेपेला अण्णांनी खडूचा डाग स्वतः तपासला, चष्मा कपाळावर ढकलून, नाक शूला लागेपर्यंत वाकून. सून उतारावर निघाली तेव्हा ओरडून बजावलं, "दोन बोटं! पंजा लावलास तर बघ!" तिने तीन बोटं हँडलवर घट्ट आवळून ठेवली आणि उरलेल्या दोन बोटांनी लिव्हर ओढली. गाडी खांबाच्या जरा आधीच थांबली.

मग अण्णा. तोवर गल्लीत बातमी फुटली होती. लाँड्रीवाली इस्त्री उभी करून कुंपणापाशी येऊन ठाकली होती, आणि गाडी न्यायला आलेला तो जमवणारा गृहस्थही हातात दोर घेऊन उभा होता, कारण रविवार उजाडला होता. माई पाठ फिरवून उभ्या होत्या. त्यांच्याने बघवत नव्हतं.

गाडी सुटली. खांब आला. अण्णांनी लिव्हर ओढली, आणि चाकातून मऊ, खर्जातला आवाज आला. गाडीने नाक किंचित खाली केलं आणि ती उभी राहिली. खांब अण्णांच्या हाताच्या अंतरावर होता. त्यांनी हात लांब करून खांबाला लावला, जणू तो खरा आहे ना हे बघायला.

"थांबली!" लाँड्रीवाली एवढ्यांदा ओरडली की माईंना वळावंच लागलं.

त्या गृहस्थाने दोर गुंडाळून पिशवीत टाकला. माणूस भला होता. "वाईट वाटलं म्हणायला हवं, पण नाही वाटत," तो म्हणाला, आणि चहाला थांबला.

चहा झाल्यावर किक सुनेने मारून दिली. अण्णांचा उजवा पाय तेवढं मानत नव्हता, आणि अण्णांनीही हट्ट धरला नाही. ॲक्सिलेटर पिळायला कुठे जोर लागतो? तो त्या हाताला सहज जमत होता. माई बसल्या. पूर्वी बसायच्या तशाच, एका अंगाला, पदर कमरेला खोचून, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर. गाडी हळूहळू उतार उतरली, कुंपणाला वळसा घालून तलावाच्या रस्त्याला लागली. रस्ता मोकळा होता. ना पुढे कोणी, ना मागे कोणी.

आणि अण्णांनी मधेच गाडी उभी केली.

"काय झालं हो?" माई घाबरल्या. "बंद पडली का?"

"नाही गं. चालू आहे."

"मग का थांबलात?"

"थांबता येतंय, म्हणून थांबलो."

खांद्यावरचा हात माईंनी जरा घट्ट केला. मग म्हणाल्या, "बरं. आता चला. आणि अधूनमधून थांबत जा असेच."